तीन नळ्या आणि एक किल्ली

स्वतःच्या लग्नाला एगिड थुर्नवाल्डर चर्चमध्ये पंधरा मिनिटं उशिरा पोहोचला होता. पण बंदूक घ्यायच्या दिवशी इन्सब्रुकच्या बंदूकवाल्याचं दुकान उघडायच्या आधी दोन तास तो दारात उभा होता, तोही लग्नातलाच कोट घालून. त्याच्या बायकोने ही गोष्ट लक्षात ठेवली आहे. तिचंही बरोबरच आहे म्हणा.

एगिडचा धंदा धुराडी झाडायचा. लेर्खबाखच्या खोऱ्यातलं एकही घर असं नव्हतं, की ज्याच्या धुराड्यात त्याने चाळीस वर्षांत डोकं घातलं नव्हतं. जन्मभर नळ्यांतूनच आभाळ बघितलेला माणूस साठीला आल्यावर नळ्यांच्या प्रेमात पडला, यात नवल ते काय? आणि नळ्या तरी कशा! बंदूक एक, नळ्या तीन. बारीक नळी कोल्ह्यासाठी, मधली गाम्ससाठी, जाडी मोठ्या हरणासाठी आणि रानडुकरासाठी. दस्ता जुन्या अक्रोडाचा, त्यावरच्या रेषा अशा नागमोडी, की दहा मिनिटं बघत बसलं तर त्यात आपल्या गावची नदी दिसायला लागते. दुर्बीण नळीवरच बसलेली, त्यामुळे नळी शंभरदा काढा, शंभरदा जोडा, नेम केसभर हलायचा नाही. नळीखाली दोन स्क्रू. त्यांची खाच षटकोनी, आणि त्या खाचेत बसणारी बोटाएवढी पोलादी किल्ली. किल्ली फिरली की नळी हातात. पुन्हा फिरली की नळी अशी घट्ट, जणू आईच्या पोटातून दस्त्यासकटच जन्मली.

"एगिड, बायको एक आणि नळ्या तीन, हे काही बरं दिसत नाही," लोक म्हणायचे.

"थंडीसाठी लोकरीची नळी मिळते का रे?"

सगळ्यात जास्त टोचायचा तो मेहुणा वेंडेलिन. गावातला गुत्ता त्याचा. त्याच्याकडे आज्याची बंदूक होती, दस्ता तारेने बांधलेला. "एक देव, एक बायको, एक नळी," असं तो बिअरचा पेला ठेवताना प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा. एगिडला ऐकवताना जरा मोठ्याने.

आता खरी गोष्ट अशी, की त्या साली चिठ्ठीचा गाम्स एगिडच्या नावावर निघाला होता. गाम्स म्हणजे कड्यांवरचा रानबकरा, आकड्यासारखी काळी शिंगं, पाठीवर उभे केस. त्या डोंगरावर वर्षाला एकच म्हातारा बोकड मारायची परवानगी, आणि तो कुणी मारायचा हे चिठ्ठी टाकून ठरायचं. एगिडने एकोणीस वर्षं वाट पाहिली होती. नियम दोनच. बोकड स्वतःच्याच बंदुकीने मारायचा, उसन्या बंदुकीने मारला तर तो चिठ्ठीत धरत नाहीत. आणि शिकाऱ्यांचा संत हुबेर्टस, त्याच्या दिवसापर्यंत म्हणजे तीन नोव्हेंबरचा सूर्य मावळायच्या आत मारायचा. नाहीतर बोकड दुसऱ्या चिठ्ठीवाल्याचा. दुसरी चिठ्ठी कुणाची निघाली होती, हे सांगायला नकोच. वेंडेलिनची.

एगिडने ऑगस्टपासून दोनदा बोकड गाठला होता. पहिल्यांदा बोकड समोर आला तेव्हा बंदुकीवर कोल्ह्याची नळी होती. एगिड नळी बदलेपर्यंत बोकड शेजारच्या खोऱ्यात पोहोचला होता. दुसऱ्यांदा जाडी नळी होती, आणि मधली जोडेस्तोवर धुकं उतरलं. असं करत करत दोन नोव्हेंबरची संध्याकाळ उजाडली. संध्याकाळ कधी उजाडत नाही, पण एगिडला ती तशीच वाटली.

त्या संध्याकाळी गुत्त्यात सगळे जमले होते. वेंडेलिन पेले पुसत म्हणाला, "दाजी, उद्या कोणती नळी नेणार? की तिन्ही? गाढव पाठवू का सोबत?"

"एकच नेणार. मधली," एगिड म्हणाला. "आणि ऐक, डोळे बांधून जोडतो बंदूक. एका मिनिटाच्या आत."

"डोळे उघडे ठेवून नाही जमलं तीन महिने!"

गुत्ता खदखदला. एगिडने गळ्यातला रुमाल सोडून डोळ्यांवर बांधला. वेंडेलिनने घड्याळ धरलं. दस्ता, नळी, खाच, किल्ली. एक्केचाळीस सेकंद! टाळ्या पडल्या. पुन्हा खोलली, पुन्हा जोडली. एकोणचाळीस! चुलीच्या कोपऱ्यात एगिडची सासू, चौऱ्याऐंशी वर्षांची क्रेसेन्झ, मांडीवर अक्रोड घेऊन बसली होती. हातातल्या काळ्या दांडक्याने ती एकेक अक्रोड टचकन फोडत होती, आणि दरवेळी जावयाकडे न बघताच म्हणत होती, "पोर आहे पोर."

शेवटी एगिडने बंदूक खोलून दस्ता आणि नळी पिशवीत सारली, छाती काढून सगळ्यांशी हात मिळवले आणि घरी गेला. टेबलावर काय राहिलं, ते त्याने पाहिलं नाही. तुम्ही ओळखलं असेलच.

सकाळी पाचला तो निघाला. वाट दाखवायला नोट्बुर्गा, त्या रानाची राखणदार, तिशीतली, पायांत हरणाचा जोर. तिच्या मागे तिची छोटी लांबुडकी कुत्री हेक्से. बंदूक दोन तुकड्यांत पिशवीत असल्याने एगिडचे दोन्ही हात मोकळे होते, आणि तो कड्यांवरून असा चढत होता, जणू सगळ्या खोऱ्याची धुराडी एकावर एक रचून ठेवली आहेत.

बारा वाजता खिंडीच्या वर नोट्बुर्गा एकदम पोटावर पडली. तिने दुर्बीण लावली.

"काका, हलू नका. एकशे चाळीस पावलं. खालच्या कातळावर."

एगिडने पाहिलं. बोकड होता. तोच, म्हातारा, मानेवर पांढरी झाक, शिंगं अशी वळलेली की त्यांना टोपी अडकवावी. कातळावर उन्हात बसून तो रवंथ करत होता. एगिडच्या छातीत ढोल वाजायला लागला.

"आत्ता बसलेला आहे, समोर दगड आहे, आत्ता मारायचा नाही," नोट्बुर्गा कुजबुजली. "ऊन सरकलं की उठेल. तीन-साडेतीनला. उठला की आडवा उभा राहील, तेव्हा. वेळच वेळ आहे. सावकाश जोडा बंदूक."

एगिडने सावकाश दस्ता काढला. सावकाश नळी काढली. सावकाश उजव्या खिशात हात घातला. मग डाव्या. मग वरच्या. मग पँटच्या, मग टोपीच्या आत, मग मोज्यात. आता त्यात सावकाश काही उरलं नव्हतं.

"काय झालं?"

"किल्ली."

"कसली?"

"बंदुकीची."

नोट्बुर्गाने दुर्बीण खाली ठेवली. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं माणूस नवरा मेल्यावर हसू आलेल्या बाईकडे बघतो. मग तिने खांद्यावरची आपली बंदूक काढून पुढे केली. "घ्या. मी कुणाला सांगणार नाही."

एगिडचे हात पुढे गेले, आणि मध्येच थांबले. "नको. आपलीच पाहिजे. हुबेर्टस बघतोय."

"हुबेर्टसला दूरचं दिसत नाही काका, नाहीतर तुमची चिठ्ठी काढली असती का?"

"नको म्हणतो ना!" एकोणीस वर्षं थांबून बोकड चोरायचा, हे त्याला पटेना.

मग खटपट सुरू झाली. सुऱ्याचं टोक खाचेत घातलं, ते घसरलं आणि अंगठ्यात गेलं. लार्चच्या झाडाची फांदी षटकोनी तासली, तिचा भुसा झाला. नोट्बुर्गाच्या घराची किल्ली लावली, ती वाकली. "आता रात्री घरात कशी शिरू?" ती म्हणाली. "धुराड्यातून," एगिड म्हणाला, "स्वच्छ आहे, मीच झाडलंय." एक वाजला. बोकड रवंथ करत होता. हेक्से मान तिरकी करून दोघांची कीव करत होती.

माणूस हरला की त्याला भूक लागते. एगिडने पिशवीतून शिदोरी काढली. पाव, चीज, आणि एक सॉसेज. पण हे सॉसेज साधंसुधं नव्हतं. सासूने ते सात वर्षांपूर्वी आपल्या धुराड्यात धुरावर टांगलं होतं. दोरी तुटून ते विटेमागे पडलं आणि तिथेच राहिलं. सात हिवाळे त्याने जुनिपरच्या लाकडाचा धूर प्यायला. या शरद ऋतूत धुराडं झाडताना एगिडच्या ब्रशला ते लागलं, तेव्हा खणकन आवाज आला होता. "खा जावईबापू, डोंगरावर खा," सासू म्हणाली होती, आणि एगिडने सासूचं मन मोडायला नको म्हणून ते पिशवीत टाकलं होतं.

त्याने चावा घेतला. दाढेतून कळ थेट टाळूला गेली.

"आई गं!" तो ओरडणार होता, पण त्याने तोंड दाबलं. सॉसेजवर दाताची रेघसुद्धा उमटली नव्हती. त्याने ते दगडावर आपटलं. दगडाचा टवका उडाला.

एगिड सॉसेजकडे पाहत राहिला. मग बंदुकीच्या खाचेकडे. मग पुन्हा सॉसेजकडे. नोट्बुर्गाला त्याच्या डोक्यात काय चाललंय ते कळलं आणि तिने छातीवर क्रॉस काढला.

"काका, नाही."

"नोट्बुर्गे, सुरा दे."

त्याने तासायला घेतलं. लाकूड तासताना ढलप्या निघतात, इथे पापुद्रे निघत होते, काळे, चकचकीत, शिंगासारखे. हेक्से एकेक पापुद्रा हवेत झेलत होती आणि डोळे मिटून चावत होती. एक बाजू झाली. दुसरी झाली. दोन वाजले. खाचेत घालून पाहिलं, जाड झालं. पुन्हा तासलं. तिसरी, चौथी. एगिडच्या कपाळावरून नोव्हेंबरच्या थंडीत घाम गळत होता. अडीच. सहावी बाजू झाली तेव्हा त्याने टोक खाचेत सरकवलं, आणि ते असं बसलं, जसं बाळ पाळण्यात.

"आता फिरवा!"

"थांब. नरम पडेल." त्याने सॉसेज खडकाच्या सावलीतल्या बर्फात पंधरा मिनिटं पुरलं. मग मागच्या बाजूला सुऱ्याने भोक पाडून लार्चची काडी आडवी घातली, म्हणजे मूठ झाली. दोघांनी श्वास धरला. हेक्सेनेही धरला असावा.

किल्ली फिरली. पाव वळसा. अर्धा. कुर्र असा आवाज आला. आणि स्क्रू बसला! दुसराही बसला! एगिडने नळी धरून ओढली, हलेना. पिळली, हलेना. त्याला इतका आनंद झाला की त्याने नोट्बुर्गाच्या गालाचा मुका घेतला आणि तिच्या गालावर काजळी उमटली. चाळीस वर्षांची काजळी एका सकाळच्या आंघोळीने जात नाही.

"काका, उठतोय!"

ऊन सरकलं होतं. बोकडाने आधी मागचे पाय ताठ केले, मग पुढचे. अंग झटकलं. पाठीवरचे केस वाऱ्यात उभे राहिले. तो एक पाऊल पुढे आला आणि आडवा उभा राहिला, जणू फोटो काढायला सांगितलंय. एगिडने गाल अक्रोडावर टेकवला. छातीतला ढोल थांबला. चाप ओढला.

एकच आवाज. तो समोरच्या कड्यावर गेला, तिथून परत आला, आणि खाली खोऱ्यात गेला. बोकड जागच्या जागी गुडघ्यांवर बसला आणि कातळावर कलंडला.

नोट्बुर्गाने लार्चची एक डहाळी बोकडाच्या तोंडात ठेवली, त्याचा शेवटचा घास. दुसरी त्याच्या जखमेला लावून सुऱ्याच्या पात्यावर ठेवून शिकाऱ्याचा मान म्हणून एगिडपुढे धरली. एगिडने ती टोपीत खोचली. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते पुसायला त्याने हात वर केला, तर काजळी डोळ्यांत गेली.

बोकड दोरावरून खाली उतरवायचा तर हात मोकळे हवेत. म्हणून त्याने त्याच किल्लीने बंदूक खोलली, तुकडे पिशवीत टाकले, आणि किल्ली क्षणभर दगडावर ठेवली. क्षणभरच. मागे वळून पाहिलं तर हेक्से चावत होती. किल्लीचा पाठीमागचा भाग तेवढा तिच्या तोंडाबाहेर दिसत होता.

"थुंक! थुंक ते!" एगिड ओरडला.

हेक्सेने गिळलं.

खाली उतरेपर्यंत दिवस मावळला होता, पण बोकड उन्हातच पडला होता. गुत्त्यात हुबेर्टसच्या सणाचं जेवण मांडलेलं, भाजलेलं मांस, लाल कोबी, पिठाचे गोळे. आणि जेवणाआधी नेहमीप्रमाणे शिकाऱ्यांची कचेरी. वर्षभरात कुणी काय चूक केली, कुणी काय थाप मारली, त्याचा त्या दिवशी निवाडा व्हायचा. न्यायाधीश रोमेडियस, गावचा म्हातारा पाववाला, लाकडी चमचा घेऊन टेबलाच्या टोकाला बसला होता.

एगिड बोकड घेऊन आत शिरला तसा जल्लोष झाला. आणि जल्लोषातच वेंडेलिनने हात वर केला.

"न्यायाधीश महाराज, माझी तक्रार आहे." त्याने ॲप्रनच्या खिशातून काहीतरी काढून टेबलावर टाकलं. ते खणखणलं. पोलादी किल्ली. "ही कालपासून इथेच आहे. दाजी तर बंदुकीचे तुकडे पिशवीत घालून डोंगरावर गेले आणि तुकडेच घेऊन आले. मग हा बोकड कोणत्या बंदुकीने मेला? नोट्बुर्गाच्या पाठीवर एक बंदूक होती, एवढंच मी म्हणतो. बोकड चिठ्ठीत धरायचा नाही. दुसरी चिठ्ठी माझी."

एगिडचा चेहरा काजळीतूनही पांढरा दिसला.

"मी किल्ली बनवली," तो म्हणाला.

"कशाची?"

"सॉसेजची."

गुत्ता असा हसला, की भिंतीवरची एक शिंगजोडी खाली पडली. "सॉसेजची!" वेंडेलिन डोळे पुसत म्हणाला. "मग दाखवा ना दाजी, कुठे आहे?"

"हेक्सेने खाल्ली."

आणखी एक शिंगजोडी पडली. नोट्बुर्गा उठली, "मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी!" पण रोमेडियसने चमचा आपटला. "सहआरोपीची साक्ष चालत नाही. बस खाली. एगिड, शब्दांनी नको, वस्तूने दाखव. दुसरी किल्ली बनव आमच्यासमोर."

"सात वर्षं धुरात राहिलेलं सॉसेज होतं ते," एगिड म्हणाला. "तसं दुसरं जगात नाही."

वेंडेलिनने बोकडाच्या शिंगांना हात लावला. एकोणीस वर्षं, एगिडला वाटलं, एकोणीस वर्षं कुत्रीच्या पोटात गेली.

तेवढ्यात चुलीच्या कोपऱ्यात टचकन आवाज आला. अक्रोड फुटला होता.

"दोरीला दोन होती," क्रेसेन्झ म्हणाली.

सगळ्यांनी माना वळवल्या. म्हातारीच्या हातातलं काळं दांडकं चुलीच्या उजेडात चमकत होतं. "जोडीनेच टांगते मी सॉसेज. एक याला सापडलं, दुसरं मागाहून मला, त्याच विटेमागे. एक जावयाला दिलं, एक ठेवलं मी अक्रोड फोडायला. दात नसलेल्या माणसाला खायला काय करायचंय?" मग तिने मुलाकडे पाहिलं. "वेंडेल, ही किल्ली तुला कधी सापडली?"

"सकाळी सहाला, आई." वेंडेलिनची मान खाली गेली.

"मग पळत जाऊन द्यायची नाही? ढोरा, सख्ख्या बहिणीचा नवरा ना तो!"

"म्हटलं आठवण होते का बघू..."

एगिड तोवर सुरा काढून बसला होता. कुणी पेला उचलेना. पापुद्रे टेबलावर पडत होते आणि हेक्से टेबलाखाली होती. डोंगरावर जे दोन तास लागले, ते इथे पाऊण तासात झालं, कारण आता हातांना वाट माहीत होती. खिडकीबाहेर थंडीत ठेवून, काडी घालून, त्याने नळी दस्त्यावर बसवली.

"डोळे बांधा माझे," तो म्हणाला.

नोट्बुर्गाने रुमाल बांधला. रोमेडियसने घड्याळ धरलं. दस्ता. नळी. खाच. कुर्र. पाव वळसा, अर्धा. दुसरा स्क्रू. कुर्र.

"अडुसष्ट सेकंद," रोमेडियस म्हणाला. "ओढ रे वेंडेलिन."

वेंडेलिनने एगिडच्या हातातला दस्ता तसाच ठेवून नळी धरली आणि ओढली. नळी जागची हलेना. भिंतीला पाय लावून ओढली. त्याच्या पँटचं एक बटण उडून कोबीत पडलं, नळी हलेना. मग गुत्त्यात जे काही झालं, त्याचा आवाज चर्चच्या घंटेलाही ऐकू गेला असं म्हणतात. नक्की कोण म्हणतं ते विचारू नका.

निवाडा असा लागला. बोकड एगिडचा. वेंडेलिनने त्याच बोकडावर ओणवं व्हायचं, आणि रोमेडियसने शिकारी सुऱ्याच्या सपाट पात्याने त्याच्या पार्श्वभागावर तीन चापट्या द्यायच्या, एक हुबेर्टससाठी, एक खोऱ्यासाठी आणि एक आईसाठी. तिसरी सगळ्यात जोरात बसली, कारण ती मारायला आई स्वतः उठली होती.

जेवणं झाल्यावर वेंडेलिन उभा राहूनच बिअर पीत एगिडजवळ आला. बसायची सोय नव्हतीच. "दाजी," तो हळूच म्हणाला, "ती जाडी नळी... मी एकदा हातात घेऊन बघू का?"

"तुझं एक देव, एक बायको, एक नळी?"

"देव आणि बायको तसेच राहू देत म्हणतो मी."

एगिड हसला आणि पोलादी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. "सकाळी घरी ये. शिकवतो. पण किल्ली परत दे."

"आणि माझं कोण देणार?" चुलीजवळून आवाज आला. क्रेसेन्झ हात पुढे करून उभी होती. "तासून तासून केवढंसं ठेवलंय मेल्या. आण इकडे, निम्मे अक्रोड राहिलेत."

एगिडने षटकोनी सॉसेज मान झुकवून तिच्या हातात दिलं. म्हातारीने एक अक्रोड मांडीवरच्या फळीवर ठेवला, टोक नेमकं सांध्यावर टेकवलं, आणि टचकन मारलं. अक्रोडाचे दोन भाग झाले, आतला गर मात्र अखंड.

"अरे वा," ती म्हणाली, "आता तर आधीपेक्षा बरं चालतंय." आणि तो अखंड गर तिने जावयाच्या तोंडात घातला.